वाढीव वॉरंटी : यादी आधी, पावती नंतर

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : मोटारसायकलीच्या वाढीव वॉरंटीची निवड आणि विक्री

मोटारसायकलीची मूळ वॉरंटी गाडीच्या किमतीतच आलेली असते. वाढीव वॉरंटी वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. मूळ मुदत संपल्यावर ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी भरेल तोवर, सदोष निघालेले ठरावीक भाग फुकट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे ते वचन असते. या वाक्यात ‘ठरावीक’ तीनदा आले आहे. ग्राहकाचे खरे हित अडकलेले असते ते तिसऱ्या ‘ठरावीक’मध्ये, म्हणजे भागांच्या यादीत. शोरूममध्ये बोलणे होते ते पहिल्याबद्दल. ‘तीनची पाच करून घ्या’, ‘दहा वर्षे बघायला नको’ अशा भाषेत ही वॉरंटी विकली जाते. यादी वाचली जाते ती गाडी बंद पडल्यावर, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, आणि बहुतेकदा ती ग्राहकाला वाचून दाखवली जाते.

मूळ वॉरंटी सगळ्यांची सारखी नसल्याने ‘वाढीव’ या शब्दाचा अर्थही गाडीगणिक बदलतो. हीरोच्या मोटारसायकलींना पाच वर्षे किंवा ७०,००० किलोमीटरची मूळ वॉरंटी मिळते. होंडाने तीन वर्षांच्या मूळ वॉरंटीवर पैसे भरून आणखी सात, अशी एकूण दहा वर्षांची सोय ठेवली आहे. एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत वाढीव संरक्षण सुरू होते चौथ्या वर्षी, तर दुसऱ्याच्या बाबतीत सहाव्या. दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

बोलण्यात गॅरंटी आणि वॉरंटी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि त्यातून एक अपेक्षा रुजते : माल खराब निघाला तर दुकानदार परत घेईल. १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटीचा अर्थ याहून तोकडा आहे. ती मुख्य व्यवहाराला जोडलेली दुय्यम अट असते. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. मोटारसायकलीच्या वॉरंटीपत्रातही आश्वासन असते ते दुरुस्तीचे किंवा भाग बदलण्याचे. कोणता भाग दुरुस्त करायचा आणि कोणता बदलायचा, हे कंपनी ठरवते. नवी गाडी देण्याचा शब्द त्यात नसतो.

ही वॉरंटी ग्राहकापुढे येते कोटेशनच्या तळाशी. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर आणि नोंदणी, विमा, मग हँडलिंग, ॲक्सेसरीज, रोडसाइड असिस्टन्स, वार्षिक देखभाल करार आणि एक्स्टेंडेड वॉरंटी असे सगळे मिळून ‘ऑन-रोड’ नावाचा एक आकडा तयार होतो. पहिल्या तीन बाबींशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. विम्यातही सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा. नव्या दुचाकीला तो सप्टेंबर २०१८पासून एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. उरलेल्या सगळ्या बाबी ऐच्छिक आहेत, पण कोटेशनवर सक्तीचे काय आणि ऐच्छिक काय यांच्यामध्ये रेघ ओढलेली सहसा दिसत नाही. पाडव्याला किंवा दसऱ्याला, हार आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरची मंडळी शेजारी उभी असताना, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ‘हे काढा’ म्हणणारा ग्राहक विरळाच. म्हटलेच, तर ‘सिस्टिममधून निघत नाही’ हे उत्तर तयार असते.

एक वस्तू हवी असेल तर दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यावीच लागेल, अशी अट घालणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. प्राधिकरणाला हा प्रकार नवा नाही. जुलै २०२२ मध्ये हॉटेलांच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावण्यास प्राधिकरणाने मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयीची तत्त्वे आली. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाच्या संमतीवाचून टोपलीत जादा वस्तू टाकण्याचा प्रकार त्यांत स्पष्टपणे निषिद्ध ठरला. मोबाइलच्या पडद्यावर आधीच टिकमार्क केलेली वाढीव वॉरंटी आणि शोरूमच्या कागदावर आधीच छापलेली वाढीव वॉरंटी यांत फरक आहे तो माध्यमाचा. कलम १८ नुसार अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे आहे. तो वापरून दुचाकीच्या कोटेशनचे दोन भाग पाडता येतील : वर सक्तीचे, खाली ऐच्छिक, आणि खालच्या प्रत्येक ओळीपुढे ग्राहकाची वेगळी सही. ऐच्छिक ओळींची बेरीज वरच्या बेरजेत मिसळू नये.

वाढीव वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, तरी काउंटरवर दोन्ही एकाच दमात सांगितले जातात. सर्वसमावेशक विमा अपघात, चोरी, आग, पूर अशा बाहेरून ओढवलेल्या हानीसाठी असतो. यंत्रातला आपसूक बिघाड आणि झीज त्यात येत नाही. वॉरंटी आतल्या दोषासाठी असते. अपघात आणि पुराचे पाणी तिच्यात येत नाही. तुंबलेल्या रस्त्यात इंजिनात पाणी शिरून गाडी बसली, तर तो वॉरंटीचा विषय नाही, वाढीव वॉरंटीचा तर नाहीच.

हे वचन नेमके देते कोण, हे ग्राहकाने विचारायला हवे, आणि हाच प्रश्न फार थोडे लोक विचारतात. शोरूममधून मिळणाऱ्या वाढीव वॉरंटीमागे चार वेगवेगळे पक्ष असू शकतात : गाडी बनवणारी कंपनी, कंपनीच्या नावाने पण मागे विमा कंपनीचा आधार असलेली योजना, फक्त त्या वितरकाचे स्वतःचे पॅकेज, किंवा पूर्णपणे बाहेरची वॉरंटी विकणारी संस्था. पावतीवर वितरकाचे नाव असते म्हणून वचनही त्याचेच, असे नाही. उलट, मोठ्या अक्षरांत गाडीच्या ब्रँडचे नाव असले म्हणून कंपनी बांधली गेली, असेही नाही. कंपनीची योजना देशभरच्या अधिकृत केंद्रांत चालते. वितरकाची योजना त्याच्याच वर्कशॉपच्या दारापर्यंत चालते, आणि त्याने एजन्सी सोडली की हाती नुसता कागद उरतो. नाशिकला गाडी घेऊन बदलीवर नांदेडला गेलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

करखात्यालाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. जुलै २०२३ च्या जीएसटी परिपत्रकात गाडीसोबत घेतलेली वाढीव वॉरंटी त्या मालाच्याच पुरवठ्याचा भाग मानली होती. जून २०२४ च्या परिपत्रकाने खुलासा केला की माल विकणारा एक आणि वॉरंटी देणारा दुसरा असेल, तर ती स्वतंत्र सेवा समजावी. कर आकारताना देणारा कोण हे पाहिले जाते, तर विकताना ते ठळक अक्षरांत सांगायला अडचण नसावी. वचन देणाऱ्याचे पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि दाव्याची जबाबदारी कोणाची, एवढे तीन तपशील पावतीवरच यायला हवेत.

देणारा मोठा असला की काळजी मिटते, असेही नाही. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातले उत्पादन आणि विक्री थांबवण्याचे जाहीर केले. पुढे हीरो मोटोकॉर्पशी करार होऊन विक्री आणि सेवेची सोय लागली. त्या ग्राहकांना वाली मिळाला, प्रत्येक ब्रँडच्या वाट्याला असा वारसदार येईलच असे नाही. दहा वर्षांचे वचन विकत घेणे म्हणजे देणारा दहा वर्षे या बाजारात राहील यावर पैसे लावणे होय. नव्याने आलेल्या किंवा विक्री तुटपुंजी असलेल्या ब्रँडच्या बाबतीत लांब मुदतीची वॉरंटी म्हणूनच तेवढी आकर्षक नसते.

मुदतीच्या हिशेबात वर्षांपेक्षा किलोमीटर अधिक महत्त्वाचे. समजा मूळ वॉरंटी तीन वर्षांची, वाढीव दोन वर्षांची आणि दोन्ही मिळून मर्यादा ५०,००० किलोमीटरची आहे. कामाला रोज ५० किलोमीटर ये-जा करणारा कामगार महिन्याच्या २५ दिवसांत १,२५० किलोमीटर चालवतो. त्याचे ५०,००० किलोमीटर चाळिसाव्या महिन्यात भरतात. मूळ वॉरंटीचेच ३६ महिने झालेले असतात, म्हणजे दोन वर्षांचे पैसे भरून त्याच्या पदरात चार महिने पडतात. महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्या निवृत्त शिक्षकाचे पाच वर्षांत २४,००० किलोमीटरच होतात. त्याला पूर्ण दोन वर्षे मिळतात. किंमत मात्र दोघांनाही एकच. मीटर शून्यापासून मोजला जातो, वाढीव मुदत सुरू झाल्यापासून नव्हे, ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा ठळक नसते.

घरपोच जेवण आणि पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणांचा हिशेब आणखी वेगळा. दिवसाला १०० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर ७०,००० किलोमीटर सव्वादोन वर्षांत संपतात. मूळ वॉरंटीच अर्ध्या वाटेत सुटलेली असते. त्यात काही योजनांच्या अटींप्रमाणे भाड्याने किंवा व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीचे संरक्षण घटते किंवा रद्द होते. पाठीवर डिलिव्हरीची बॅग लावून शोरूममध्ये आलेल्या मुलालाही ही योजना विकली जाते, तेव्हा या कलमाचा उल्लेख होत नाही. वापर व्यावसायिक आहे का, हा प्रश्न विक्रीच्या वेळी लेखी विचारला गेला पाहिजे. विक्रेत्याने तो विचारला नसेल, तर दाव्याच्या वेळी त्या कलमाचा आधार घेता येऊ नये.

आता भागांची यादी. यंत्रातले बिघाड वयानुसार कसे येतात, याचा एक परिचित आलेख अभियंते वापरतात. आकार न्हाणीघरातल्या टबासारखा. सुरुवातीला कारखान्यातल्या चुका उघड होतात, त्यामुळे बिघाड जास्त. मग बराच काळ ते कमी राहतात. शेवटी झीज वाढली की पुन्हा चढतात. पहिली चढण मूळ वॉरंटीत येते. वाढीव वॉरंटी विकली जाते ती मधल्या सपाटीची आणि शेवटच्या चढणीच्या पायथ्याची. शेवटच्या चढणीचे कारण असते झीज, आणि झीज वॉरंटीतून वगळलेली असते. क्लच प्लेट, ब्रेक शू आणि पॅड, चेन-स्प्रॉकेट, केबल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बल्ब, रबरी भाग, ऑइल यांपैकी काहीही सहसा मिळत नाही. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या उत्पादकांची असते. घाटात रोज चढउतार करणाऱ्याची क्लच प्लेट लवकर जाते, तर कोकणात खाऱ्या हवेने सायलेन्सर आणि रिम गंजतात. या दोन्ही तक्रारी कोणत्याही योजनेत बसणे कठीण.

मग उरते काय? इंजिनाचे अंतर्भाग, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. साध्या १०० ते १२५ सीसीच्या इंजिनाचे पिस्टन, ब्लॉक, क्रँक हे वेळेवर ऑइल बदलले तर सहसा लवकर दगा देत नाहीत. वाढीव वॉरंटीच्या बाजूने बोलणारी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सची आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषण-मानक आले आणि त्याबरोबर कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार होऊन फ्युएल इंजेक्शन आले. एप्रिल २०२३ पासून दोष ओळखणारी अंतर्गत प्रणालीही काटेकोर झाली. पूर्वी नाक्यावरचा मिस्त्री कार्ब्युरेटर उघडून, जेट फुंकून, स्क्रू अर्धा फेरा फिरवून गाडी चालू करून देत असे. आता ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीतला फ्युएल पंप, एबीएस मॉड्युलेटर, डिजिटल मीटर यांपैकी काही गेले की ते फुंकून चालत नाही. अख्खे युनिट बदलावे लागते. हे भाग हळूहळू झिजत नाहीत, अचानक जातात. कधी जातील याचा अंदाज नसलेला आणि एका फटक्यात मोठा खर्च आणणारा बिघाड, हेच असे संरक्षण घेण्याचे योग्य कारण.

म्हणून यादी वाचताना नजर थेट तिथे जायला हवी. मूळ वॉरंटीत असलेला प्रत्येक भाग वाढीव वॉरंटीत असतोच, असे नाही. किती तरी योजना फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सपुरत्या असतात. ईसीयू आणि सेन्सर आहेत का, वायरिंग हार्नेस आहे का, मीटर आहे का, स्टेटर कॉइल आणि रेक्टिफायर आहेत का, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील आणि हँडलचा कोन सेट आहे का, हे पाहायचे. यादीचे दोन प्रकार असतात. एकात ‘खालील भागांना संरक्षण आहे’ असे लिहून भाग मोजलेले असतात. दुसऱ्यात ‘खालील भाग सोडून सर्वांना संरक्षण आहे’ असे लिहिलेले असते. दुसरा प्रकार ग्राहकाच्या हिताचा, कारण यादीत विसरलेला भाग त्याच्या बाजूने जातो. पहिल्या प्रकारात तोच भाग कंपनीच्या बाजूने जातो. पाहायला दोन्ही याद्या सारख्याच लांब असतात, म्हणून फसगत होते.

एका दोषामुळे दुसरा भाग गेला तर काय, हेही वाचायला हवे. वगळलेल्या स्वस्त भागामुळे यादीतला महाग भाग खराब झाला, की दावा नाकारण्याची शक्यता असते. टायमिंग चेनचा ताण धरणारा छोटा भाग निकामी होऊन आत इंजिनाचे नुकसान होणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मजुरी धरलेली आहे का, आणि भाग बदलताना लागणारे ऑइल आणि गॅस्केट कोणाच्या खात्यावर, हे दोन प्रश्न किरकोळ वाटतात. इंजिन उघडायची वेळ आली की ते किरकोळ राहत नाहीत.

इंधनाचा मुद्दा अलीकडे जोडला गेला. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ज्या जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचाच उल्लेख आहे, त्यांच्या मालकांपुढे सहज मिळणारा दुसरा पर्याय उरलेला नाही. वॉरंटीपत्रात अयोग्य किंवा भेसळीच्या इंधनाने झालेली हानी वगळलेली असते. अधिकृत पंपावर मिळणारे इंधन भरले, एवढ्या कारणावरून दावा फेटाळता येणार नाही, हे वाक्य वाढीव वॉरंटीत स्पष्ट असल्याशिवाय २०२३ पूर्वीच्या गाडीसाठी ती घेण्यात जोखीम आहे.

वाढीव वॉरंटीची खरी किंमत पावतीवर नसते, ती सर्व्हिसिंगमध्ये असते. प्रत्येक सर्व्हिस ठरलेल्या दिवशी किंवा ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत केंद्रातच झाली पाहिजे, ही जवळपास सर्व योजनांची अट. एक सर्व्हिस चुकली किंवा महिनाभर लांबली, की संरक्षण गेले. फुकट सर्व्हिस संपल्यानंतर किती तरी दुचाकीस्वार ओळखीच्या गॅरेजकडे वळतात, कारण तिथे तेच ऑइल, तोच फिल्टर कमी पैशांत बदलून मिळतो आणि गाडी त्याच दिवशी हाती येते. अधिकृत केंद्रातली सर्व्हिस गॅरेजपेक्षा ५०० रुपयांनी महाग आहे असे धरले आणि वर्षाला तीन सर्व्हिसिंग धरल्या, तर दोन वर्षांच्या वाढीव मुदतीत ३,००० रुपये जास्त जातात. वॉरंटी १,५०० रुपयांना घेतली असेल, तर ती प्रत्यक्षात ४,५०० रुपयांना पडली. जो तसाही शेवटपर्यंत अधिकृत केंद्रातच जाणार आहे, त्याला हा हिशेब लागू नाही. जो जाणार नाही, त्याने वॉरंटी घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

तालुक्याच्या गावांत तर अडचण पैशांची नसून अंतराची आहे. जवळचे अधिकृत केंद्र ६० किलोमीटरवर असेल, तर सर्व्हिससाठी एक दिवसाची मजुरी बुडते. शेतीच्या हंगामात तारीख हुकते, आणि हुकलेली तारीख वॉरंटीपत्राला माफ नसते.

अधिकृत केंद्रातच सर्व्हिस करण्याच्या या अटीचा विचार भारतात एकदा झालेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये; बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा निर्देश त्यात होता. आदेश चारचाकींच्या प्रकरणातला होता आणि दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, पण त्यामागचे तत्त्व दुचाकीला तंतोतंत लागू पडते. बाहेर ब्रेक शू बदलले म्हणून ईसीयूची वॉरंटी जाण्याचे कारण नाही. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत वाहनक्षेत्रही होते. तेच तत्त्व वाढीव वॉरंटीच्या करारात उतरवणे प्राधिकरणाच्या आवाक्यातले काम आहे : सर्व्हिसची नोंद, ऑइलचा दर्जा आणि बिल ग्राहकाकडे असेल, तर गॅरेज कोणाचे हा प्रश्न गौण ठरावा, आणि दोष बाहेरच्या कामामुळेच आला हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची असावी. गाडीत केलेल्या फेरफारांबाबतही हाच न्याय. जादा दिव्यांसाठी वायरिंग कापली असेल, तर वायरिंगचा दावा जाणे रास्त आहे. गिअरबॉक्सचा जाणे रास्त नाही.

वॉरंटी केव्हा घ्यावी, याचे उत्तर शोरूममध्ये ‘आत्ताच’ असे मिळते. ते सहसा खरे नसते. अनेक योजना मूळ मुदत चालू असेपर्यंत केव्हाही घेता येतात. होंडाने २०२३ मध्ये आणलेली योजना तर खरेदीनंतर ९१ दिवसांपासून नवव्या वर्षापर्यंत खुली ठेवली आहे. उशिरा घेतल्यास किंमत थोडी वाढते, कधी गाडीची तपासणी होते. त्याबदल्यात ग्राहकाला दोन गोष्टी कळलेल्या असतात : आपली गाडी महिन्याला किती चालते आणि तिने काही त्रास दिला का. पाच वर्षांची मूळ वॉरंटी असलेल्या गाडीवर पहिल्याच दिवशी भरलेले १,५०० रुपये सहाव्या वर्षापर्यंत निव्वळ पडून असतात. सात टक्के व्याजाने ते तोवर २,१०० रुपये झाले असते. गाडी कर्जावर असेल आणि वॉरंटी कर्जातच धरली असेल, तर उलट तिच्यावर व्याज भरावे लागते.

एवढे पाहिल्यावर निवड फार अवघड राहत नाही. पाच वर्षांची मूळ वॉरंटी असलेली शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी, मध्यम वापर आणि घराजवळ भरवशाचे गॅरेज असेल, तर वाढीव वॉरंटीची गरज सहसा नसते. तेच पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात घालावेत. मूळ वॉरंटी दोन-तीन वर्षांचीच असेल, गाडीत एबीएस, रंगीत मीटर, राइड-बाय-वायर थ्रॉटल असे महाग भाग असतील, मालक गाडी सात-आठ वर्षे ठेवणार असेल, वापर किलोमीटरच्या मर्यादेत बसत असेल आणि यादीत इलेक्ट्रॉनिक्स स्पष्ट लिहिलेले असेल, तर ती घेण्यात शहाणपण आहे. यांतली शेवटची अट पूर्ण होत नसेल, तर बाकीच्या पूर्ण होऊनही उपयोग नाही.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींत सगळा भार बॅटरीवर असतो. तिथे वर्षांबरोबर बॅटरीची क्षमता किती टक्क्यांवर आली म्हणजे ती सदोष मानली जाईल, हा आकडा करारात हवा. तो नसेल तर आठ वर्षांच्या वचनाचाही अर्थ लावता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका वीज-दुचाकी कंपनीला प्राधिकरणानेच नोटीस काढली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध वर्षभरात दहा हजारांवर तक्रारी जमा झाल्या होत्या.

दाव्याच्या वेळी सगळे जॉब कार्डवर ठरते. ग्राहक सांगतो, ‘दुसऱ्या गिअरला आवाज येतो’. कार्डावर लिहिले जाते ‘जनरल चेकअप’. तीन महिन्यांनी वॉरंटी संपते, आवाज वाढतो आणि मुदतीत तक्रार केल्याचा पुरावा कुठेच नसतो. गाडी देताना तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहून घेणे, मीटरचे आकडे टिपणे आणि कार्डाची प्रत किंवा फोटो ठेवणे एवढे केले तरी निम्मी लढाई होते. परत घेताना ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली गाडी चालवून पाहण्याआधीच सही घेतली जाते. तिथे ‘आवाज कायम’ असे दोन शब्द लिहायला कोणी मनाई करू शकत नाही. दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागावे. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. पुढे १९१५ ही हेल्पलाइन आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे दाद मागावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन-अडीच हजारांच्या सेन्सरसाठी आयोगाची पायरी चढणारे थोडेच असतात, हे कंपन्यांनाही ठाऊक असते. अशा लहान रकमांच्या, पण एकाच साच्याच्या तक्रारी एकत्र पाहणे हे प्राधिकरणाचे काम आहे. ते एकट्या ग्राहकाला जमणारे नाही. नकाराचे कारण आणि कलम सात दिवसांत लेखी देण्याचे बंधन घातले, तर तो साचा कागदावर तरी उमटेल.

गाडी मुदत संपण्याआधीच हातून गेली तर काय होते, हा भाग करारांत सर्वांत त्रोटक असतो. चोरीला गेलेल्या किंवा अपघातात पूर्ण मोडीत निघालेल्या गाडीची वाढीव वॉरंटी अजून सुरूही झालेली नसते, तरी भरलेले पैसे परत मिळण्याची तरतूद सहसा सापडत नाही. न दिलेल्या सेवेची पूर्ण रक्कम ठेवून घेणारी अट २०१९ च्या कायद्यातल्या अनुचित कराराच्या व्याख्येत बसते का, हे तपासून पाहण्यासारखे आहे. न वापरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परतावा देणे हिशेबाला सोपे आणि न्यायाला धरून आहे.

विकलेल्या गाडीचे तसे नाही. तिथे वॉरंटी संपतेच असे नाही, तिचा धनी बदलू शकतो. काही योजना नव्या मालकाच्या नावावर होतात, काही ठरावीक दिवसांत अर्ज आणि शुल्क भरले तरच होतात, काही पहिल्या मालकाबरोबर संपतात. जुनी गाडी घेणाऱ्याला विकणारा सांगतो, ‘वॉरंटी आहे अजून दोन वर्षे’, आणि त्याची खातरजमा करण्याचा मार्ग खरेदीदाराकडे नसतो. विम्याची आणि पीयूसीची मुदत परिवहन खात्याच्या ॲपवर कोणालाही पाहता येते. चासी क्रमांक टाकला की वाढीव वॉरंटी कोणाची, कोणत्या तारखेपर्यंत, किती किलोमीटरपर्यंत आणि नव्या मालकाला लागू आहे की नाही, एवढी चार उत्तरे कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतील, असे बंधन प्राधिकरणाने घालावे. त्याच पानावर भागांची पूर्ण यादीही असावी, मराठीसह राज्याराज्यांच्या भाषांत, आणि ती पैसे भरण्याआधी वाचता यावी.